दाखल क्रमांक ४४१७

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात आफ्रिकेचा समावेश करण्यात आला. मुख्य लिपिक या नात्याने ही बाब मी पूर्ण जबाबदारीने नोंदवत आहे, कारण त्यासंबंधीची फाइल पहिल्या कागदापासून शेवटच्या कागदापर्यंत माझ्या हातून गेलेली आहे. फाइलमध्ये आजमितीस एकशे बारा पाने आहेत आणि एकही पान चुकीच्या जागी नाही. नंतर लोक काय वाटेल ते बोलू लागले, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

त्याचे असे झाले, की तपासणी समिती येणार होती. समितीच्या छापील अर्जात 'आंतरराष्ट्रीय स्वरूपाचे विषय किती?' असा एक रकाना असतो. त्यात आम्ही गेली नऊ वर्षे प्रामाणिकपणे शून्य लिहीत होतो. त्या वर्षी मात्र शून्यवाल्यांची श्रेणी खाली येणार, असे परिपत्रक निघाले. प्राचार्यांनी तातडीची बैठक बोलावली.

"कुठला खंड मोकळा आहे?" त्यांनी विचारले.

चौकशी झाली. युरोप शेजारच्या महाविद्यालयाने दोन वर्षांपूर्वीच घेतला होता. दक्षिण अमेरिका रस्त्यापलीकडच्यांकडे होती. अंटार्क्टिका मोकळा होता, पण तिथे माणसेच नसल्यामुळे संस्कृती दाखवता येईना. उरली आफ्रिका.

"पुरेशी मोठी आहे ना?"

"चांगली ऐसपैस आहे, सर," भूगोलाचे सर म्हणाले.

बैठकीत तोंड उघडल्यामुळे त्यांनाच विभागप्रमुख करण्यात आले. शिवाय आफ्रिकेचा नकाशा त्यांच्याच कपाटात होता. नकाशा फार जुना असून त्यातले निम्मे देश आता त्या नावाने अस्तित्वात नाहीत, असे कुणीतरी लक्षात आणून दिले. "मग काय झालं? इतिहासच शिकवायचाय ना?" सर म्हणाले. हे मी इतिवृत्तात लिहून घेतले.

'आफ्रिकी व जगभर विखुरलेल्या आफ्रिकी समाजाचा इतिहास आणि संस्कृती विभाग' अशी पाटी रंगवून आली. ती नकाशांच्या खोलीच्या दारापेक्षा लांब निघाली, म्हणून 'विभाग' हा शब्द शेजारच्या भिंतीवर गेला आणि तिथल्या स्वच्छतागृहाच्या बाणाखाली बसला. अभ्यासक्रम बनवताना आणखी एक अडचण आली. देश चौपन्न आणि तास अठ्ठेचाळीस. सहा देश 'विद्यार्थ्यांनी स्वतः अभ्यासावेत' या सदरात टाकून भूगोलाच्या सरांनी तीही निकालात काढली. चौथा घटक मात्र कोराच राहिला. तो 'विखुरलेला समाज : स्थानिक अभ्यास' असा होता. स्थानिक म्हटले की समिती वाढीव गुण देते, म्हणून घातला होता. त्यापुढे सरांनी 'यथावकाश' असे लिहिले.

विषय चालवायला किमान बारा विद्यार्थी लागतात. अकरा जण वाणिज्य शाखेच्या दारातून परत आलेले होते, त्यांना आम्ही आफ्रिकेत सामावून घेतले. बाराव्या अर्जात एका मुलीने हा विषय पहिल्या पसंतीला लिहिला होता. असे यापूर्वी कधी घडले नव्हते. लिहिताना चूक झाली असणार म्हणून मी तिला खिडकीशी बोलावले.

ती समोर आली आणि मी सवयीने विचारले, "परदेशी नागरिकाचा परवाना जोडला नाहीस?"

"मी परदेशी नाही, सर."

"नाही, पण तुझ्याकडे बघून…"

"सगळेच बघून विचारतात. आम्ही पोस्टाच्या मागच्या गल्लीत राहतो. सात पिढ्या तिथेच आहोत."

मी रीतसर खात्री करून घेतली. पोस्टाच्या मागे गल्ली आहे.

"मग हा विषय का?" मी विचारले. "वाणिज्यलाही मिळेल तुला. गुण आहेत."

"आमची माणसं आफ्रिकेतून आली, सर. म्हणजे आली नाहीत, जहाजात भरून आणली. पुढचं घरात कुणालाच माहीत नाही. आजीला एक गाणं येतं तेवढंच उरलंय. त्यातला एकही शब्द कुणाला कळत नाही, तिलाही नाही." मग ती जरा पुढे वाकली. "दुसऱ्या शहरात विद्यापीठात एक बाई शिकवतात. त्यांना तिथल्या किनाऱ्यावरच्या भाषा येतात. त्यांच्याकडे जायचं तर आधी हा विषय पास हवा."

"त्यांना नुसतं पत्र टाक की. गाण्याचं काम गाण्यानं होईल."

"टाकलं होतं. त्यांच्या कार्यालयाचं उत्तर आलं. फक्त नोंदणीकृत विद्यार्थ्यांच्या शंका स्वीकारल्या जातील. आजी एक्याऐंशीची आहे, सर. ती असेपर्यंत मला ते गाणं कळायला हवंय."

त्या कार्यालयाचे उत्तर अगदी बरोबर होते. मीही तेच दिले असते. अर्जात चूक नसल्याची खात्री झाल्यामुळे मी तो मंजूर केला.

वर्ग सुरू झाले. भूगोलाचे सर एका तासाला एक देश, फारच लहान असेल तर दीड, या गतीने राजधानी, नद्या आणि खनिजे सांगत पुढे सरकत होते. अकरा जण वहीत नद्या काढत होते. मुलगी मात्र प्रश्न विचारायची. तिथल्या गावांत विद्यापीठे होती का, बाजारात बायका काय विकायच्या, जहाजातून नेलेल्या लोकांनी नव्या देशात आपले सूर कसे टिकवले, असे काहीही. सर शांतपणे म्हणायचे, "हे पुढच्या घटकात येईल." पुढचा घटक कोरा होता.

तपासणीला सहा आठवडे राहिले आणि 'यथावकाश' या शब्दावरून प्राचार्यांनी सरांना फैलावर घेतले. सर घाम पुसत वर्गात आले. "कुणाला काही स्थानिक सुचतंय का?"

"माझी आजी येऊन गाईल," मुलगी म्हणाली.

आजी आली. ठेंगणी, काटक, पांढऱ्या केसांची. तिची सगळी नोकरी इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी घड्या करण्यात गेली होती, त्यामुळे तिचे हात रिकामे राहत नसत. माझ्यासमोर बसली तेवढ्या वेळात तिने माझ्या टेबलावरचे फडके, माझा रुमाल आणि स्वागताचा कापडी फलक यांच्या अशा घड्या केल्या, की नंतर फलक उघडायला दोन माणसे लागली. नकाशाच्या खोलीत तिने टेबलावर बोटांनी ठेका धरला आणि गायला लागली. एकेक शब्द सुटा, जणू हाक मारावी तसा. मग ठेका, मग पुढचा शब्द. कधी नव्हे ते अकराही जण हजर होते आणि कुणी खिडकीबाहेर बघत नव्हते. मी सही घ्यायला म्हणून दाराशी गेलो होतो, तो गाणे संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो. खोटे कशाला सांगू, फार बरे वाटले.

"अर्थ काय याचा?" भूगोलाच्या सरांनी विचारले.

"अर्थ ठाऊक नाही," आजी म्हणाली. "पण एक शब्द गाळायचा नाही, एवढं ठाऊक आहे. माझा एक जरी सुटला तर माझी आजी परत पहिल्यापासून म्हणायला लावायची."

"आमच्या अभ्यासक्रमाचंही तसंच आहे," सर म्हणाले आणि त्याच दिवशी चौथ्या घटकापुढे लिहून टाकले : 'आजी. गुण सोळा.' प्राचार्यांनी त्यावर सही केली. एकदा सही झालेला अभ्यासक्रम तीन वर्षे बदलता येत नाही. मुलगी त्या दिवशी इतकी खूश होती, की जाताना मला खिडकीतून हात करून गेली.

इथवर सगळे सुरळीत होते. पण समितीच्या सूचना क्रमांक नऊनुसार अभ्यासक्रमातील प्रत्येक घटकाचे साहित्य ग्रंथालयाच्या दाखल-नोंदवहीत असावे लागते. त्यासाठी आजीला बोलावून घेतले होते, तेव्हा ग्रंथपाल बाई नोंदवही घेऊन कार्यालयात आल्या. बाई शिस्तीच्या. त्यांच्या ग्रंथालयात शिंकायचे असेल तरी लोक आधी बाहेर जातात.

"चौथ्या घटकाचं साहित्य कुठाय?" त्यांनी विचारले.

"बाहेर बाकावर बसलंय," मी म्हणालो.

बाईंनी चष्म्यावरून आजीकडे पाहिले. मग खुर्ची ओढून त्यांनी नोंद घ्यायला सुरुवात केली. दाखल क्रमांक, चार हजार चारशे सतरा. शीर्षक, आजी. लेखक, अज्ञात. बांधणी, कापडी. पृष्ठे, मोजता आली नाहीत. स्थिती, जुनी परंतु वापरण्याजोगी.

"चित्रं आहेत?"

"नाहीत," मी म्हणालो. "पण आवाज आहे."

"आवाजाला रकाना नाही." त्यांनी शिक्का उचलला. दाखल झालेल्या साहित्यावर शिक्का मारल्याशिवाय नोंद पूर्ण होत नाही, हे मलाही मान्य होते. जरा विचार करून बाईंनी तो आजीच्या मनगटाच्या वरच्या बाजूला मारला. "धुतला की जातो, आजी. काळजी करू नका."

आजीने त्या जांभळ्या गोलावरून बोट फिरवले. "माझी आजी सांगायची," ती म्हणाली, "त्या जहाजातून जी आली, तिच्या खांद्यावर होता असा. धुतल्यानं जायचा नाही."

उपयुक्त माहिती होती. चौथ्या घटकाला पूरक म्हणून मी ती लगेच टिपून घेतली.

"आणि मी करायचं काय, भाऊ?" आजीने मला विचारले.

"काही नाही. बसायचं."

"पोरगी पास होईल ना?"

"साहित्य जागेवर असलं की सगळे पास होतात."

"मग बसते," आजी म्हणाली आणि वाचनालयात जाऊन बसली. पहिल्या तासाभरात तिने तिथले सगळे पडदे काढून, घड्या करून ठेवले.

संध्याकाळी साडेपाचला मुलगी आजीला न्यायला आली, तेव्हा पेच उभा राहिला. ज्या साहित्याची एकच प्रत असते ते संदर्भ साहित्य ठरते, आणि संदर्भ साहित्य बाहेर नेण्यास मनाई असते. तशी पाटीच आहे.

"बाई, ती माझी आजी आहे!"

"घरी असेल. इथे ती संदर्भ आहे."

मुलगी माझ्याकडे धावत आली. मी नियमांचे पुस्तक काढले. मन लावून शोधले तर नियमातून वाट सापडते, असा माझा अनुभव आहे. संदर्भ साहित्य ग्रंथालय बंद होताना एका वाचकाच्या कार्डावर घेता येते, मात्र दुसऱ्या दिवशी उघडण्याच्या वेळी परत करावे लागते. मुलीचे कार्ड होते. बाईंनी आजीच्या पिशवीवर तारखांची चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर तारीख मारली आणि दोघी घरी गेल्या. पुढे रोज साडेपाचला आजी बाहेर आणि सकाळी दहाला आत. मुलीला एका कार्डावर दोनच पुस्तके मिळायची, त्यातले एक आजीत जायचे. तरी ती कुरकुरली नाही.

मग परीक्षा जवळ आली. सोळा गुणांचा घटक म्हटल्यावर अकरा जणांनाही आजीची आठवण झाली. त्यांच्यातला एक लांबलचक मुलगा, ज्याला सगळे उंच्या म्हणत, एके दिवशी सव्वापाचलाच ग्रंथालयाच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि मुलगी येण्याच्या आत आजीला आपल्या कार्डावर घेऊन गेला.

"असं कसं दिलंत?" मुलगी रडकुंडीला आली होती.

"आधी येईल त्याला आधी," बाई म्हणाल्या. त्यांचेही बरोबरच होते.

दुसऱ्या दिवशी आजी अगदी वेळेवर परत आली. उंच्याचा शर्ट आयुष्यात पहिल्यांदा चुरगळलेला नव्हता. त्याच्या घरातली सगळी कपाटे आजीने लावून दिली होती, शिवाय त्याला समोर बसवून गाण्याचे पहिले सात शब्द पाठ करून घेतले होते. ही बातमी पसरली आणि आजीसाठी रांग लागली. बाईंनी मागणी-वही सुरू केली. त्या आठवड्यात मुलगी स्वतःच्या आजीसाठी पाचव्या क्रमांकावर होती.

"सर, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या असतात," ती म्हणाली.

मी असंवेदनशील माणूस नाही. गोळ्यांचे वेळापत्रक टंकून तारखांच्या चिठ्ठीखाली चिकटवण्याची व्यवस्था मी त्याच दिवशी केली. आजी मात्र मजेत दिसली. "मुलं चांगली आहेत गं," ती नातीला म्हणत होती. "फक्त चादरी फार घाण ठेवतात."

तपासणी समिती आली आणि आजीला पाहून गेली. एका सदस्याने नोंदवहीतली नोंद वाचून 'साहित्य उत्तम जतन केले आहे' असा शेरा दिला. दुसऱ्याने आजीला कपाटात ठेवण्याबाबत विचारणा केली, पण जागेच्या अडचणीचे कारण त्याला पटले. आम्हाला सर्वोच्च श्रेणी मिळाली. प्राचार्यांचा हार घातलेला फोटो अजून जिन्यात आहे. फोटोत मागे आजीही आहे, हार घडी करताना.

आणि मग परीक्षेचे अर्ज आले.

अर्जातला सतरावा प्रश्न असा आहे : 'प्रश्नपत्रिका काढणे, छापणे, तपासणे अथवा तिच्यातील मजकूर यांच्याशी परीक्षार्थीचे कोणाचे जवळचे नाते आहे काय?' इतकी वर्षे सगळे डोळे झाकून 'नाही' लिहितात. या मुलीने लिहिले, 'हो. चौथा घटक माझी आजी आहे.'

मी कपाळाला हात लावला. "अगं, असं कशाला लिहिलंस?"

"खरं आहे ना, सर?"

"खरं आहे हाच तर घोळ आहे. आता प्रवेशपत्र देता येत नाही. मजकुराशी नातं निघालं."

प्रवेशपत्र नाही म्हणजे परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे ते विद्यापीठ नाही आणि त्या बाई नाहीत. वर्षभर थांबायचे तर आजीचे वय तिने मला पहिल्याच दिवशी सांगितले होते. मला खरेच वाईट वाटले, म्हणून मी सगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. आजीला अभ्यासक्रमातून काढावे म्हटले, तर तीन वर्षे बदल नाही. ग्रंथालयातून बाद करावे म्हटले, तर बाद फक्त फाटलेले किंवा वाळवी लागलेले साहित्य होते. बाईंनी आजीला उजेडात नेऊन नीट पाहिले आणि दोन्ही नसल्याचे लेखी कळवले. शेवटी प्राचार्यांच्या खोलीत आम्ही सगळे जमलो.

"साहित्य बदलता येत नाही, मजकूर बदलता येत नाही," प्राचार्य म्हणाले. "मग बदलण्यासारखं काय उरलं?"

"नातं," भूगोलाचे सर म्हणाले.

सगळ्यांना हायसे वाटले. मी छापील नमुना काढला. 'मी लिहून देते, की दाखल क्रमांक ४४१७ यांच्याशी माझे कोणतेही नाते नाही व पूर्वीही नव्हते.' खाली सहीची जागा. एका मिनिटाचे काम.

"मी सही करणार नाही," मुलगी म्हणाली.

"अगं, कागदापुरतं आहे."

"कागदापुरतंच असतं सगळं! वर्षभर वर्गात तेच शिकवलंत ना तुम्ही? माणसांच्या याद्या केल्या, आईला एकाला विकलं, लेकराला दुसऱ्याला…"

"ते तिसऱ्या घटकात आहे," सर म्हणाले. "आत्ता त्याचा काय संबंध?"

आजी इतका वेळ प्राचार्यांच्या टेबलावरचे मखमली कापड सरळ करत होती. तिने हात थांबवला. "कर गं सही," ती म्हणाली.

"आजी!"

"माझ्या आजीच्या आजीची नोंद एका यादीत होती आणि तिच्या आईची दुसऱ्या. यादी करणाऱ्याला वाटलं, संपलं. मग मला हे गाणं कुणी शिकवलं?" तिने नातीचा हात धरून कागदावर ठेवला. "कागदाला काय, कुणी सांगेल ते तो ऐकतो. तू कर सही आणि जा त्या बाईंकडे."

मुलीने सही केली तेव्हा कागदावर दोन थेंब पडले. शाई पसरली, म्हणून मला दुसरी प्रत काढावी लागली आणि तिला पुन्हा सही करावी लागली. आजीची सही घेतली नाही. साहित्याची सही लागत नाही. खाली 'माझ्यासमक्ष' लिहून मी माझी सही केली. सही करताना मी मुलीकडे पाहिले नाही. पण तसे नमूद करायला नमुन्यात जागा नाही.

प्रश्नपत्रिका भूगोलाच्या सरांनी काढली होती. आजीवर प्रश्न काढता येईना, म्हणून चौथ्या घटकाचा प्रश्न त्यांनी नेहमीच्या पुस्तकातून जसाच्या तसा घेतला : 'माणसांची मालासारखी नोंद करून त्यांची नाती कागदावर कशी तोडली जात, ते सोदाहरण लिहा. गुण सोळा.' मुलीने अकरा पाने लिहिली. नोंदवही, शिक्का, मागणी-वही, प्रतिज्ञापत्र, सगळे. उत्तरपत्रिकाही सरांनीच तपासली. सोळापैकी तीन गुण देऊन त्यांनी शेरा मारला, 'उदाहरणे अतिरंजित. असे लोक वागत नाहीत.' बाकीचे प्रश्न तिला इतके चांगले गेले होते, की तरीही ती पास झाली. उंच्याला त्या प्रश्नात बारा मिळाले. त्याने नद्या लिहिल्या होत्या.

आता ती आजीला घेऊन त्या विद्यापीठात जायला निघाली. जाण्यासाठी दाखला हवा आणि दाखल्यासाठी ग्रंथालयाचे काही देणे नसल्याची बाईंची सही हवी. बाईंनी नोंदवही उघडली. "४४१७ जमा करून जा," त्या म्हणाल्या.

मुलगी माझ्या खिडकीशी येऊन उभी राहिली. तिच्या मागे आजी, पिशवीवर तारखांची लांब शेपटी घेऊन. मी सव्वीस वर्षे नोकरी केली, पण कामाच्या वेळेत माझे डोळे असे कधी भरून आले नव्हते. मी नियमांचे पुस्तक बाजूला ठेवले आणि बाईंकडे गेलो.

"बाई, ४४१७ बांधणीला पाठवा."

बाईंनी माझ्याकडे पाहिले. आमच्या ग्रंथालयातून बांधणीला गेलेले पुस्तक आजवर परत आलेले नाही आणि त्याबद्दल कुणी कधी कुणाला विचारलेलेही नाही. तिथे तारीख नाही, रांग नाही, मनाई नाही. दोन विश्वकोश आणि एक अख्खे काव्याचे कपाट गेली चौदा वर्षे बांधणीला गेलेले आहे.

"बांधणी सैल झालीच आहे जरा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शेरा मारला. मग त्यांनी पाण्याचा ग्लास आणि आपला रुमाल आजीसमोर ठेवला. परवाच्या पुस्तकांच्या मोजणीत मनगटावर नवा शिक्का बसला होता, तो आजीने चोळून पुसला. रुमाल घडी करून परत दिला.

तीन महिन्यांनी मुलीचे पत्र आले. तिथल्या बाईंनी गाणे ऐकले होते. पहिल्याच ओळीला त्यांनी हात वर करून आजीला थांबवले आणि पुन्हा म्हणायला लावले. ती प्रार्थना नव्हती, पाळणाही नव्हता. 'सर, ती नावं आहेत,' मुलीने लिहिले होते. 'एकतीस बायकांची नावं, ओळीनं. जहाजाच्या यादीत त्यांना नुसते आकडे होते. म्हणून कुणीतरी खरी यादी गाण्यात ठेवली. एक शब्द गाळायचा नाही तो त्याचसाठी. बाई म्हणाल्या तेव्हा आजी घडी करायची थांबली. मी तिला रिकाम्या हातांनी बसलेलं पहिल्यांदा बघितलं.'

मी पत्र दोनदा वाचले आणि सरळ ग्रंथालयात गेलो. नोंदवहीत ४४१७ समोर 'लेखक : अज्ञात' असे होते. ते आपल्या हाताने दुरुस्त करावे, एवढी तरी माझी लायकी असावी असे वाटले. मी 'अज्ञात'वर रेघ मारली, पेन टेकवले आणि थांबलो.

कार्यालयात येऊन फाइल काढली. सदर आजी. उपरोक्त आजी. विषयांकित साहित्य. क्रमांक ४४१७. एकशे बारा पाने पहिल्यापासून उलटली. बाईंना विचारले, भूगोलाच्या सरांना विचारले, प्राचार्यांना विचारले. उंच्याच्या घरी ती चार वेळा जाऊन आली होती, त्यालाही विचारले. आजीचे नाव कुणालाच माहीत नव्हते.

माझे चुकले, हे मी मान्य करतो. पण माझ्यामागे फाइल होती, रकाने होते, तपासणी होती. तुमच्यामागे यातले काही नव्हते. तुम्ही निवांत बसून इथवर वाचलेत, मधे आम्हाला हसलात, शिक्क्यापाशी कदाचित हळहळलातही. तिचे नाव काय, हे तुमच्या तरी मनात एकदा आले होते का?

आले नसेल तर सही करून ठेवा. पान एकशे तेरा कोरे आहे.